चारा न लागणारी गाय

३ फेब्रुवारी

भिंगरे,

हे पत्र तुझ्या बापाला न सांगता लिहून घेतेय, तेव्हा त्याच्यापाशी बडबडू नकोस. फोनच केला असता, पण फोन असतो त्याच्या खिशात, आणि मी बोलायला लागले की तो शेजारी उभा राहून खुणा करतो. लिहून घेणारी आपली इस्त्रीवाली. मला वाचता येत नाही, पण तिच्या ओळी सरळ आहेत एवढं दिसतं. तिला बजावलंय, मी बोलेन ते सगळं लिहायचं, मध्ये शहाणपणा करायचा नाही. (मोठ्या बाई, मी कधी केला? — इस्त्रीवाली) हा बघ, केला.

आता ऐक. या वयात मला कशाचा धक्का बसेल असं वाटलं नव्हतं, पण बसलाय.

लाँड्री सुरू केल्यापासून आपला मंगळवारचा बंद ठरलेला. हॉस्पिटलच्या चादरी असोत नाहीतर हॉटेलांचे टॉवेल, मंगळवारी एकही मशीन चालत नाही. त्या दिवशी मशीनची आंघोळ. ड्रायरचं पोट उघडायचं आणि जाळीत, मागच्या नळीत बसलेला कापूस ओंजळीने बाहेर काढायचा. टॉवेल वाळताना किती कापूस झडतो हे ज्याने काढला नाही त्याला सांगून पटत नाही. मी स्टुलावर बसून देखरेख करते, म्हणजे चहा पिते आणि सगळ्यांना नावं ठेवते.

गेल्या मंगळवारी खाली उतरले तर सगळी मशीनं घरघरतायत. म्हटलं, वार चुकला की काय माझा. तुझ्या बापाला विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, "आई, मंगळवारचा बंद आता बंद." ड्रायरची जाळी फाटलीय, ती नवी आणायची नाही. मशीनं बघायला यायचा तो मेस्त्री, त्यालाही येऊ नकोस म्हणून सांगून टाकलं. मी म्हटलं, का रे, काही बुडालं का आपलं? तर छाती फुगवून म्हणतो, "बुडेल कशाने? आपली लाँड्री म्हणजे कॅश काऊ आहे. तिच्यात आता काही घालायचं नसतं, फक्त काढायचं असतं. विचार तुझ्या नातीला. सुट्टीत आली होती तेव्हा जेवताना तिनेच सांगितलं."

इस्त्रीवाली म्हणते, कॅश म्हणजे रोकडा आणि काऊ म्हणजे गाय. एवढं मलाही कळलं. पण हा शब्द धंद्यात कशाला म्हणतात, कधी वापरतात, आणि तो आशीर्वाद आहे की शिवी, हे तू सांग. तू जेवता जेवता काय बोललीस तेही सांग. मी त्या दिवशी भात वाढत होते, माझं लक्ष नव्हतं.

तुझी आजी
(अंगठा उठवलाय. शाईच आहे, घाबरू नकोस.)


१४ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून वाचलं आणि एकटीच हसत सुटले. इथल्या मुली बघत होत्या.

शिवी नाही गं, कौतुक आहे. आम्हाला शिकवतात ते असं. धंद्यांची चार खोकी करायची. ज्याला मागणी झपाट्याने वाढतेय आणि जो सगळ्यांच्या पुढे आहे, तो तारा. ज्यात पैसा ओतावा लागतो पण पुढे काय होईल सांगता येत नाही, ते प्रश्नचिन्ह. ज्यात वाढ नाही आणि कमाईही नाही, तो कुत्रा. आणि जो आता फार वाढणार नाही, पण ज्याचा जम बसलाय, महिन्याच्या महिन्याला नफा येतो आणि त्यासाठी नवा खर्च फारसा करावा लागत नाही, तो कॅश काऊ. आपण दुभती गाय म्हणतो तशी. एखाद्या कंपनीचा जुना साबण बिनबोभाट खपत असेल तर म्हणतात, हा साबण त्यांचा कॅश काऊ आहे. त्या नफ्यावर मग तारे आणि प्रश्नचिन्हं पोसायची.

मी वर्गात आपल्या लाँड्रीवरच लिहिलं होतं. सरांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. तेच जेवताना बाबाला सांगितलं. तो किती खूश झाला होता, तुला आठवत नाही? दोनदा म्हणायला लावला शब्द.

मंगळवारचं ऐकून जरा विचित्र वाटलं, पण बाबाने विचार केला असेल. तू स्टुलावर बसायला मिळत नाही म्हणून रुसली आहेस, दुसरं काही नाही. मला तर वाटतं तो काहीतरी नवीन उघडतोय. गाय आहे म्हणजे कुठेतरी तारा असणारच. मला काही बोलला नाही, तू काढून घे त्याच्याकडून. बरं झालं मला फी माफ झाली, नाहीतर त्याला हे जमलंच नसतं.

काकूंना सांग, अक्षर खरंच सुरेख आहे.

तुझी भिंगरी


१ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र इस्त्रीवालीकडून दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा वाटलं, तीच काहीतरी चुकीचं वाचतेय.

तुमच्या कॉलेजात गाय आहे, कुत्रा आहे, वर तारे आहेत. शिकवायला मास्तर ठेवलाय की गुराखी? पण हसू आलं ते तेवढंच. पुढचं ऐकलं आणि मी चहा तसाच खाली ठेवला. बाई गं, दूध काढायचं आणि गायीला चारा घालायचं विसरायचं, असं पुस्तकात छापतात? ज्याने हे लिहिलं त्याने जन्मात कधी शेण तरी काढलंय का? तू लिहितेस, नवा खर्च फारसा लागत नाही. तुझ्या बापाने त्यातला 'फारसा' वाटेत सांडला असणार. लहानपणी दूध आणायला पाठवला तरी निम्मं सांडायचा.

आणि मी रुसलेय म्हणतेस. बरं. मग हे ऐक. परवाच्या मंगळवारी मी माझं स्टूल ड्रायरच्या दारापुढे ठेवलं आणि त्यावर बसले. म्हटलं, कापूस काढल्याशिवाय मशीन लावायचं नाही. तुझा बाप आला. मला वाटलं, ओरडेल. त्याने मला उचललं. स्टुलासकट. पलीकडे टॉवेलांच्या ढिगाजवळ नेऊन ठेवलं, जसं काही मी एक टोपली आहे, आणि मशीन लावलं. सगळी लाँड्री बघत होती. मी त्याला पोटात वाढवला, कडेवर वागवला, पण तो मला उचलून बाजूला ठेवील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. (मोठ्या बाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. — इस्त्रीवाली) हे कोणी लिहायला सांगितलं होतं?

आता दिवे गेले की तेही नवे बसवत नाही. हिच्या कोपऱ्यातला दिवा गेला, म्हणून हिचं इस्त्रीचं टेबल ड्रायरला खेटून लावलंय, तिथे उजेड आहे. जळक्या कापसाचा वास येतो. (रोज येतो. — इस्त्रीवाली)

नवं दुकान म्हणतेस, तर नवं दुकान कुठेही नाही. मी माग काढला. चपला त्याच जुन्या. बाई ठेवली असती तर निदान शर्ट तरी बरा घातला असता. जुगार नाही, दारू नाही, भिडस्त आहे तो, त्याला दोन्ही जमायचं नाही. मधूनमधून बँकेत जातो आणि पिळलेल्या चादरीसारखं तोंड घेऊन परत येतो. गाय रोज पिळतोय, भिंगरे, आणि दूध घरात दिसत नाही. कुठे जातंय, तू विचार. तुझ्यापुढे तो विरघळतो.

आजी


१२ मार्च

आजी,

बाबाला फोन केला. नवं दुकान उघडतोयस का म्हणून विचारलं. "तू अभ्यास कर," म्हणाला आणि फोन ठेवला. माझा फोन त्याने असा कधी ठेवला नव्हता.

काल कॉलेजात फी भरायच्या खिडकीवर गेले होते. सुट्टीत एका कंपनीत काम मिळतंय, त्यांना फीमाफीचा दाखला हवा होता. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "कसली माफी?" मी म्हटलं, माझी. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "तुमची पूर्ण फी भरलेली आहे, प्रत्येक वेळी. वडिलांच्या खात्यातून. अशी माफी आमच्याकडे नसतेच." मागचा मुलगा बाजूला व्हा म्हणाला तेव्हा कळलं, मी खिडकीची कड घट्ट धरून उभी होते.

अर्ज बाबाने भरला होता. माफी झाली हेही त्यानेच सांगितलं होतं. मी तेव्हा घरभर नाचले होते, तो दारात उभा राहून बघत होता.

नवं दुकान नाही, आजी. ते दुकान मी आहे. दूध मी पितेय.

आणि अजून एक. 'फारसा' बाबाने सांडला नाही. मीच तुला पूर्ण सांगितलं नव्हतं, तुला वाईट वाटेल म्हणून. आमच्या पुस्तकात पुढे एक पान आहे. गाय म्हातारी झाली की दुरुस्ती, देखभाल, सगळं तोडत आणायचं, आणि आटेपर्यंत मिळेल तेवढं काढून घ्यायचं. ते पान मी बाबाला जेवताना सांगितलं होतं. उदाहरण म्हणून मंगळवारचा बंद मीच दिला होता. हुशारी दाखवायला. हे आता लिहिताना मला स्वतःची शिसारी येतेय.

बाबा आता माझा फोन उचलत नाही, म्हणून लिहितेय: पत्र मिळेल त्याच दिवशी काकूंचं टेबल हलवा. कापूस काढेपर्यंत ड्रायर लावू देऊ नकोस. बाबा ऐकत नसेल तर त्याला हे पत्र दाखव. आता त्याच्यापासून काही लपवायचं नाही.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरे,

अक्षर ओळखलं असशील. तुझ्या बापाचं आहे. मीच बसवलंय त्याला समोर. बजावलंय, मी बोलेन ते सगळं लिहायचं, गाळायचं नाही.

फोनवर ह्याने तुला सांगितलं की ड्रायरची जाळी जरा जळाली. ते खोटं. लिही, खोटं बोललो म्हणून लिही. (खोटं बोललो. — बाबा)

ड्रायर आतून पेटला. भरदुपारी, सगळी कामावर असताना. मागच्या नळीत कापूस दाटला होता, तिथून आधी धूर आला आणि मग जाळ. इस्त्रीवालीचं टेबल खेटून. टेबलावर हॉस्पिटलच्या चादरींची चवड, वर लाकडी छत. चवड धडधडून पेटली असती तर छत गेलं असतं, आणि छताच्या वर, माझ्या खोलीत, मी झोपले होते. तिने चवड दोन्ही हातांनी उचलली आणि अंगणात नेऊन टाकली. खालची चादर तेव्हाच पेटलेली होती. ती तिला दिसली नाही, की दिसली, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. माझी छाती होत नाही. उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय. डॉक्टर म्हणतात, हात राहील, बोटं पहिल्यासारखी मिटणार नाहीत.

मी खाली आले तेव्हा आग विझली होती आणि तुझा बाप रिकामी बादली घेऊन उभा होता. पाणी केव्हाच ओतून झालं होतं. मी म्हटलं, बादली ठेव. ठेवेना. दोघा कामगारांनी मिळून त्याची बोटं सोडवली.

तुझं पत्र त्याच सकाळी आलं होतं. संध्याकाळी वाचू म्हणून ठेवलं, आणि संध्याकाळी वाचणारी हॉस्पिटलात. तसंच पडलं ते माझ्या उशाशी. शेवटी ह्यालाच म्हटलं, वाच. ह्याने वाचायला घेतलं आणि 'दूध मी पितेय' इथे थांबला. म्हटलं, पुढे? तर म्हणतो, "आई, चष्मा आणतो." चष्मा डोळ्यांवरच होता.

मग सगळं बोलला. म्हणाला, "तिचं नाव यादीत लागलं तेव्हा तिचा चेहरा बघितला होतास? फीचा आकडा कळला असता तर तिने तिथल्या तिथे नाव काढून घेतलं असतं." मी म्हटलं, तिला नाही, मला तरी सांगायचं. तर म्हणतो, "तू मंगळवार सोडला नसतास." मी सोडला नसताच.

तू स्वतःला बोल लावून घेतेस तो थोडा ठेव. तू तोंडाने बोललीस. जाळी आणायची नाही हे ह्याने ठरवलं, आणि बापाने पोरीचं ऐकलं म्हणून पोर गुन्हेगार होत नाही. पण जेवताना पुन्हा असलं काही शिकवू नकोस, आमच्या घरात लोक खरं मानतात.

आता मुद्द्याचं. हे तुझ्या बापालाही आत्ताच कळतंय, लिहिता लिहिता. परवा काळी पिशवी घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, ते ह्याला वाटले विमावाले. ते वकील होते. लाँड्री माझ्या नावावर आहे. तिच्यातला निम्मा वाटा मी इस्त्रीवालीच्या नावाने करून दिलाय.

(इथे मी थांबलो होतो. आई म्हणते, थांबलास तेही लिही. — बाबा)

औषधपाण्याचा खर्च लाँड्रीचा, तो वेगळा. वाटा उपकार म्हणून नाही आणि भरपाई म्हणूनही नाही, हाताची भरपाई कसली करतेस. ह्यापुढे ह्या लाँड्रीत काही तोडायचं, थांबवायचं, पुढे ढकलायचं झालं, तर जिला त्याची झळ लागते तिची सही लागेल. बस. तुझा बाप म्हणतोय, "आई, मग फी?" म्हणजे हे त्याने म्हटलंय, लिही. (म्हटलं. — बाबा)

तर फी. दुरुस्ती आणि तिचा वाटा जाऊन जे उरेल त्यात तुझी फी निघत नाही. ह्या खेपेची फी भरली जाणार नाही, भिंगरे. तू शिकावंस असं मला तुझ्या बापापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही. पण दुसरं काही मला सुचत नाही, आणि सुचलं तरी मी करणार नाही. आता पुढचं तू ठरव.

आजी


७ एप्रिल

काकू,

हे पत्र आजीला नाही, बाबाला नाही, तुम्हाला आहे. तुम्हाला वाचता येतं, म्हणून मध्ये कोणाला न घेता लिहितेय.

हात कसा आहे, असं विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारते.

आजी म्हणते, माझा दोष थोडा. मला तसं वाटत नाही. बाबाला मी जे सांगितलं त्यात गाय होती, दूध होतं, नफा होता. त्या ड्रायरशेजारी कोणी उभं असतं हे मी वर्गात लिहिलं नाही आणि जेवतानाही बोलले नाही. मला सुचलंच नव्हतं. तुमच्या हाताखालच्या चादरींवर मी लहानपणी लोळले आहे, आणि तरी सुचलं नव्हतं. हे समजल्यापासून मी सुन्न आहे.

कॉलेजने माझी जागा एक वर्ष राखून ठेवायचं कबूल केलंय. फी मी कमावून भरेन, जमेल तेव्हा.

तुम्ही लाँड्रीच्या मालकीण आहात, म्हणून विचारते. मला कामावर घ्याल का? जे काम द्याल ते. उत्तर तुम्ही द्यायचं, आजीने नाही. नाही म्हणालात तरी मी घरी येईन, पण मग पाहुणी म्हणून यावं लागेल, आणि पाहुणी होऊन तुमच्यासमोर बसायचं मला जमणार नाही.

तुमची
भिंगरी


१८ एप्रिल

भिंगरे,

अक्षर अजून तुझ्या बापाचंच. सुधारतंय, आता गाळत नाही.

इस्त्रीवाली घरी आलीय. तुझं पत्र तिने एकटीने वाचलं, भिंतीकडे तोंड करून. मग घडी घालून माझ्याकडे दिलं, डाव्या हाताने. इतकी वाकडी घडी तिच्या हातून मी उभ्या जन्मात बघितली नव्हती. ती घडी बघून माझं काय झालं ते सांगत नाही, तुझा बाप लिहून टाकील.

मला वाटलं, आता रडेल, नाहीतर तुला दोन शिव्या हासडेल. दोन्हीची तयारी ठेवून बसले होते. ती म्हणाली, "राग गेलेला नाही, तेवढं तिला कळवा." मी म्हटलं, कळवते. तुझ्या बापाने खाली मान घालून लिहून घेतलं.

मग डाव्या हाताने उशी सारखी केली. आणि एकदम विचारते, "पगार किती घेणार म्हणते?"

मी आपली हसले. म्हटलं, अगं घरचीच पोर आहे, पगार कसला, खाऊन पिऊन राहील. तर माझ्यावरच खेकसली. मला, मोठ्या बाईंना, स्वतःच्या खाटेवरून. म्हणते, "माझ्या लाँड्रीत फुकट कोणी राबायचं नाही. माणूस ठेवायचं तर त्याला लागतं ते द्यायचं. जमत नसेल तर ठेवायचं नाही."

तेव्हा नीट हिशेब करून आकडा कळव. कमी सांगू नकोस, नाहीतर ती तुला घेणार नाही.

आजी